पुणे ते सासवड पायी: वारीतल्या सगळ्यात लांब दिवसाची तयारी आणि चाल

‘पूर्ण वारी जमत नाही, पण एक दिवस तरी चालायचंय’ असं म्हणणाऱ्याला विचारा, कुठला दिवस? दहातले आठजण पुणे–सासवड म्हणतील. कारण दिवे घाट. पेपरात दरवर्षी येणारा तो फोटो: वळणावळणाचा रस्ता माणसांनी पांढरा झालेला, मधून भगव्या पताकांची रेघ. फोटो खरा आहे. पण तो बघून माणूस घाटाची तयारी करतो आणि तिथेच चुकतो. घाट चढून जातो माणूस. हरिनामाच्या गजरात, आजूबाजूच्या रेट्यात, नव्या उत्साहात तो कधी संपला ते कळत नाही. खरी परीक्षा घाटमाथ्यानंतर सासवडपर्यंतच्या आठ-दहा किलोमीटरच्या साध्या रस्त्यावर असते. ऊन उतरलेलं, उत्साह उतरलेला, पायाला फोड आलेले आणि घरी परत जायचं कसं याचा विचार डोक्यात सुरू झालेला. म्हणून खाली जे काही सांगतोय ते एकाच हिशेबानं: शेवटच्या दहा किलोमीटरसाठी पाय शिल्लक ठेवायचे.

दिवस कधी असतो

ज्ञानेश्वर माउलींची पालखी आळंदीहून ज्येष्ठ वद्य अष्टमीला निघते. नवमी आणि दशमीला पुण्यात भवानी पेठेतल्या पालखी विठोबा मंदिरात मुक्काम, आणि साधारण एकादशीला सासवडकडे प्रस्थान. तिथीवर चालत असल्यामुळे इंग्रजी तारीख दरवर्षी सरकते. २०२३ ला हा दिवस १४ जूनला आला होता, २०२४ ला २ जुलैला, २०२५ ला २२ जूनला. १४ जून आणि २ जुलै यात नुसता अठरा दिवसांचा फरक नाही. एकीकडे पाऊस न झालेलं तापलेलं डांबर असू शकतं आणि दुसरीकडे दिवसभर अंगावर झड. सोहळ्याचं वेळापत्रक आधी जाहीर होतं. तारीख कळली की मागे मोजून सहा आठवडे काढा आणि चालायला लागा.

तुकाराम महाराजांची पालखीही याच दिवशी पुण्यातून निघते. हडपसरला दोन्हींचे रस्ते वेगळे होतात. तुकोबांची पालखी सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरकडे जाते, माउलींची सासवड रस्त्याला लागते. नवखी माणसं गर्दीच्या लोंढ्यात चुकीच्या रस्त्याला लागल्याची उदाहरणं दरवर्षी असतात. हडपसरला थांबून एकदा विचारा, लाज वाटून घेऊ नका.

आधीचे सहा आठवडे

अंतर तीस किलोमीटरच्या आसपास आहे. रोज सकाळी बागेत अर्धा तास फिरणाऱ्याला वाटतं, आपण चालणारे आहोत. बागेतली माती आणि हायवेचं डांबर यात फार फरक आहे. आठवड्यातून तीन दिवस पाच-सहा किलोमीटर आणि रविवारी एक मोठी चाल, असा क्रम ठेवा. मोठी चाल दहावरून सुरू करून वीसपर्यंत न्या. वीस किलोमीटरची चाल एकदा तरी झालीच पाहिजे, आणि तीही डांबरावर, उन्हात, त्या दिवशीच्याच चपला-बुटांत आणि पाठीवर तीच पिशवी घेऊन. शेवटचा आठवडा हलका ठेवा.

पायात काय घालायचं यावर लोक भांडतात. माझं मत: जे तीन महिने वापरात आहे ते. मी पहिल्या वर्षी चालायचं म्हणून आठ दिवस आधी नवे बूट घेतले होते. दुकानदारानं अंगठ्यानं दाबून ‘सर, परफेक्ट आहे’ म्हटलं. उरुळी देवाचीपर्यंत दोन्ही टाचांची सालं निघाली. चालताना पाय फुगतो, दुपारपर्यंत बूट अर्ध्या नंबरानं लहान होतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. बुटाच्या टोकाशी अंगठ्यापुढे बोटभर जागा हवीच. पावसात बूट भिजला की तो संध्याकाळपर्यंत वाळत नाही, म्हणून अनेक जुने वारकरी मागे पट्टा असलेली सँडल किंवा साधी चप्पल पसंत करतात. अनवाणी चालणारेही भेटतील. त्यांच्या तळव्यांनी वर्षभर शेत तुडवलेलं असतं. भक्तीच्या भरात त्यांचं बघून आपण चपला काढायच्या नाहीत.

नखं आदल्या रात्री कापू नका. तीन दिवस आधी कापा, म्हणजे कोपरे टोचत नाहीत.

पिशवीत काय

पाण्यासकट तीन किलोच्या वर वजन नको. एक लिटरची बाटली. मोज्यांचे दोन जादा जोड, प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून. पेट्रोलियम जेलीची डबी, चिकटपट्टी, कापूस, एक छोटी कात्री. ओआरएसची चार पाकिटं. रोजची औषधं असतील तर ती, आणि वर चिठ्ठीवर औषधाचं नाव. टोपी किंवा उपरणं. सुटे पैसे, दहा-वीसच्या नोटा. घरच्यांचे नंबर कागदावर लिहून खिशात, कारण त्या गर्दीत मोबाईलचं नेटवर्क दुपारनंतर भरवशाचं राहत नाही आणि बॅटरी तर त्याहून नाही. सोबत चार-पाचजण असाल तर आधीच ठरवून ठेवा: चुकामूक झाली तर घाटाच्या पायथ्याशी वडकीत अमुक ठिकाणी, नाहीतर थेट सासवडच्या एसटी स्टँडवर. फोनवर ‘तू कुठेयस?’, ‘मी गर्दीत आहे’ हे संभाषण निरुपयोगी असतं.

पावसासाठी रेनकोट आणू नका. आत घामाची वाफ होते आणि पिशवी बाहेर भिजतेच. रस्त्यावर विकत मिळणारा प्लास्टिकचा कागद घ्या, डोक्यावरून पाठीवर सोडून गळ्याशी गाठ मारा. पिशवी, डोकं, खांदे सगळं झाकतं, खालून वारा येतो, आणि ऊन पडलं की घडी करून काखेत. बसायला तोच, दुपारी पाठ टेकायलाही तोच. छत्री मात्र नको. त्या दाटीत छत्रीच्या काड्या बरोबर शेजारच्याच्या डोळ्यांच्या उंचीवर येतात.

सोनं घरी ठेवा. चोऱ्या होतात, आणि त्या माळ घातलेल्या माणसानंच केल्या असंही नसतं. गर्दी पाहून पांढरे कपडे घालून येणारेही असतात.

पहाट: निघायचं कधी

पालखी भवानी पेठेतून सकाळी सहाच्या सुमारास हलते. वारीतला जुना शिरस्ता असा की निघण्याआधी तीनदा कर्णा वाजतो. पहिल्याला आवरायचं, दुसऱ्याला आपापल्या दिंडीत उभं राहायचं, तिसऱ्याला पालखी चालू लागते. एक दिवसाच्या वारकऱ्यानं दोनपैकी एक ठरवायचं असतं: दिंडीबरोबर चालायचं की रथाच्या पुढे निघून जायचं.

दिंडीबरोबर चालण्याची मजा वेगळी. रथापुढे सत्तावीस दिंड्या, मागे शेकडो. प्रत्येकीत पताकाधारी पुढे, मग टाळकरी, मृदंग, वीणेकरी, मागे तुळशीवृंदावन आणि हंडे घेतलेल्या बायका. सकाळच्या चालीत काकड्याचे, भूपाळ्यांचे, वासुदेव-गौळणींचे अभंग क्रमानं होतात, दुपारनंतर हरिपाठ. ज्याला भजनात रस आहे त्यानं ओळखीच्या दिंडीतून, दिंडीप्रमुखाला आधी विचारून चालावं. मधेच घुसू नये. टाळकऱ्यांच्या रांगा आणि वीणा यांच्यामधून आडवं जाणं तर अजिबात नको. रस्ता ओलांडायचा असेल तर एक दिंडी संपून दुसरी सुरू होते तिथून ओलांडा. आणि दिंडीची पंगत बसली म्हणून आपणही ताट धरून बसायचं नसतं. त्या जेवणासाठी प्रत्येकानं भिशी, म्हणजे खर्चाची वर्गणी, भरलेली असते, शिधा मोजून आणलेला असतो. बोलावलं तर जरूर बसा, मग नाही म्हणणं हाच अपमान.

पण दिंडीची चाल म्हणजे थांबत थांबत चाल. पायांना तीच जास्त दमवते. पहिल्यांदा येणाऱ्यानं रथाच्या तास-दीड तास पुढे राहावं असं मी सांगतो. पहाटे पाचला पुलगेटच्या आसपासून निघालात तर हडपसर उन्हाआधी मागे पडतं. रथ वानवडीत शिंदे छत्रीला आरतीसाठी थांबतो, तेवढ्यात तुमचं अंतर आणखी वाढतं.

निघण्याआधी तळवे, बोटांच्या बेचक्या, टाचा यांना पेट्रोलियम जेली सढळ हातानं लावा. मांड्या घासतात त्या जागीसुद्धा. हे कुणी उघडपणे सांगत नाही आणि दुपारी मग पुरुषमाणसंही पाय फाकवून चालताना दिसतात. ओली साडी किंवा भिजलेलं धोतर यांनी तर हमखास सोलवटतं. आत सायकलची चड्डी घालण्यात काही कमीपणा नाही.

हडपसर ते वडकी: इथेच पैज हरतात लोक

पहिले सात-आठ किलोमीटर शहरातले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी असतात आणि प्रत्येकाच्या हातात काहीतरी असतं. केळी, राजगिऱ्याचे लाडू, चहा, पाण्याच्या बाटल्या, साबुदाण्याची खिचडी. माणूस घेतच सुटतो. दहा वाजेपर्यंत पोटात चार कप चहा, तीन केळी आणि दोन द्रोण खिचडी गेलेली असते. मग फुरसुंगीच्या पुढे, जिथे सावली संपते, तिथे ही खिचडी वर यायला लागते.

एकादशी असल्यामुळे बहुतेकांचा उपास असतो, त्यामुळे खाण्याचा विचार आधीच करायला हवा. साबुदाणा आणि तूप-तेल चालताना जड पडतं. खजूर, केळं, राजगिरा, मूठभर भाजलेले दाणे, असं दर तासाभरानं थोडं थोडं खा. खरा धोका मिठाचा आहे. सकाळपासून घाम गाळायचा आणि उपासाचं म्हणून गोडच खायचं, वर नुसतं साधं पाणी ढोसायचं, यानं दुपारी डोकं दुखतं, पोटऱ्यांत गोळे येतात. ओआरएस घ्या. ते नसेल तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. उपासाला साधं मीठ चालत नसेल तर सैंधव घाला. मधुमेह असेल, इन्सुलिन किंवा गोळ्या चालू असतील, तर त्या दिवशी उपास करू नका आणि निघण्यापूर्वी डॉक्टरांशी बोला. उपाशीपोटी, पाणी कमी पडलेलं असताना दुखण्यावरच्या गोळ्या खाणं हेही वाईट. पोटाला आणि किडनीला दोन्हीकडून मार बसतो.

चालीचा वेग मुद्दाम कमी ठेवा. शेजारच्याशी बोलता आलं पाहिजे, धाप न लागता. दर तासाला दहा मिनिटं थांबा आणि थांबलात की बूट-मोजे काढा. हे मला शिकवलं ते मराठवाड्यातल्या एका दिंडीतल्या आजींनी. उरुळीच्या पुढे एका बंद दुकानाच्या पायरीवर मी बूट घालूनच बसलो होतो, कारण काढले तर आत काय दिसेल याची भीती. त्या शेजारी टेकल्या, माझ्या पायांकडे बघितलं.

‘काढ की माउली ते. पाय हायेत का भाकरी हायेत, झाकून ठेवायला?’

काढले. मोजा टाचेला चिकटला होता. त्यांनी कनवटीची छोटी डबी काढून खोबरेल तेल दिलं, आणि मोजे उलटे करून उन्हात टाकायला लावले. दहा मिनिटांत मोजे निम्मे वाळले. त्या सोळा वर्षं चालत होत्या. त्यांच्या पायात रबरी चप्पल होती, एक अंगठा दोऱ्यानं शिवलेला.

फोडाचं तंत्र असं: जागा गरम लागायला लागली की त्याच क्षणी थांबून चिकटपट्टी लावायची, ‘पुढच्या विसाव्याला बघू’ म्हणायचं नाही. पट्टीचे कोपरे गोल कापा, म्हणजे मोज्यात गुंडाळत नाहीत. लहान फोड फोडू नका. मोठा, ताणलेला, पाऊल टेकू न देणारा असेल तर वाटेतल्या वैद्यकीय पथकाकडे जा, ते स्वच्छ सुईनं कडेला भोक पाडून पाणी काढतात. वरची कातडी तशीच राहू द्यायची, ओढून काढायची नाही.

बायकांसाठी एक सूचना. फिरती शौचालयं मुक्कामाच्या आणि विसाव्याच्या जागी असतात, मधल्या पट्ट्यात नसतात. ‘लागेल तेव्हा बघू’ या भरवशावर राहू नका, दिसलं की जाऊन या. आणि जावं लागेल म्हणून पाणी कमी पिणं, जे बहुतेकजणी करतात, ते घाटात चक्कर येण्याचं सगळ्यात मोठं कारण आहे.

वडकीच्या अलीकडे-पलीकडे, घाट चढण्यापूर्वी, अर्धा-पाऊण तास नीट विश्रांती घ्या. आडवे व्हा, पाय पिशवीवर उंच ठेवा, मोजे बदला. ही विश्रांती घाटासाठी नाही. घाटानंतरच्या रस्त्यासाठी.

दिवे घाट

चार-पाच किलोमीटरचा, डांबरी, गाड्यांसाठी केलेला चढ. उभा नाही. लहान पावलं टाका, टाच पूर्ण टेकवा, आणि पुढच्या वळणाकडे बघू नका. खाली मस्तानी तलाव दिसायला लागला की निम्मा झाला असं समजा. पहिल्या बाजीरावाच्या काळचा तो तलाव पावसाळ्याच्या तोंडाशी बऱ्याचदा कोरडाच असतो.

डोंगराच्या बाजूनं चाला, दरीच्या बाजूनं नाही. फोटोसाठी कठड्यावर किंवा डोंगराच्या उतारावर चढणारे दरवर्षी असतात. ओल्या मातीतून दगड सुटतो आणि तो खाली चालणाऱ्याच्या डोक्यात येतो. फोटो हवाच असेल तर घाटमाथ्यावरून, रस्त्याच्या बाहेर उभं राहून काढा.

रथ घाटात साधारण दुपारी तीन-चारनंतर येतो. चढावर रथाला बैलांच्या जादा जोड्या लावतात. तो क्षण पाहायचा असेल तर माथ्याजवळ आधी पोहोचून एका जागी बसून राहा, रथ जवळ आल्यावर पुढे घुसू नका. रथाभोवतीचा दोर धरलेली माणसं आणि बैल यांच्यामध्ये सापडलात तर बाजूला सरकायला जागा नसते. लहान मुलांना खांद्यावर घेऊन तिथे उभं राहणं हा शुद्ध वेडेपणा आहे.

छातीत दडपण, डावा हात किंवा जबडा दुखणं, घाम येणं थांबून अंग तापणं, बोलणं अडखळणं, यातलं काहीही झालं तर ‘माथा आलाच’ म्हणून रेटू नका. बसा, शेजारच्याला सांगा, १०८ ला फोन लावा. रुग्णवाहिका वाटेवर ठेवलेल्या असतात.

झेंडेवाडी ते सासवड

माथ्यावर वारा लागतो, घाम वाळतो आणि वाटतं, झालं. झेंडेवाडीच्या विसाव्याला बसलेली एक दिवसाची माणसं निम्मी तरी तिथून पुढे उठतच नाहीत. बसायचं तर बसा, पण पंधरा मिनिटांच्या वर नाही. पाय गार पडले की पोटऱ्या आखडतात आणि पहिली शंभर पावलं म्हातारपण दाखवतात. उठण्यापूर्वी कोरड्या मोज्यांचा शेवटचा जोड घाला. ओआरएसचं एक पाकीट इथे.

आता रस्ता सरळ. दुतर्फा पुरंदरचं माळरान, शेतं, मधे दिवे गाव. बघण्यासारखं फार नाही आणि म्हणूनच तो लांबतो. इथे दिंडीच्या जवळ जा. सकाळी मी दिंडीपासून पुढे राहा म्हटलं होतं, आता उलट सांगतो. संध्याकाळच्या हरिपाठाच्या ठेक्यावर पाऊल आपोआप पडतं, बोलायचं नसतं, विचार करायचा नसतो. टाळ येत नसला तर नुसत्या टाळ्या वाजवा. शेवटचे तीन किलोमीटर मी दरवर्षी असेच काढतो, एका अनोळखी दिंडीच्या कडेला, वीणेकऱ्याच्या पाठीवर नजर ठेवून.

अंधार पडतो. पांढरे कपडे असतील तर बरं, नसतील तर पाठीला काहीतरी पांढरं बांधा.

सासवडला पोचल्यावर

पालखी रात्री आठच्या आसपास तळावर येते. पाय कितीही दुखत असले तरी समाजआरती चुकवू नका. पालखीभोवती दिंड्या गोल उभ्या राहतात, हजारो टाळ एकाच वेळी चालू असतात, आणि चोपदारानं दंड उंच केला की एका क्षणात सगळं थांबतं. ज्या दिंडीची काही तक्रार असेल तिचे टाळ तेवढे चालू राहतात. चोपदार तिकडे जाऊन ऐकून घेतात. मग हरवलेल्या-सापडलेल्या वस्तू पुकारतात, पुढच्या निघण्याची वेळ सांगतात आणि आरती होते. लाखभर माणसांचा दिवस असा पाच-दहा मिनिटांत आवरला जातो.

पालखी इथे सहसा दोन रात्री असते. कऱ्हेकाठी सोपानकाकांची, म्हणजे माउलींच्या धाकट्या भावाची, समाधी आहे आणि त्यांची पालखी याच मुक्कामात इथून पंढरपूरकडे निघते. मुक्काम करणं शक्य असेल तर करा, ओळखीचं एखादं घर आधी गाठून ठेवा. त्या रात्री ऐनवेळी खोली मिळत नाही. परतायचंच असेल तर दिवे घाट वाहनांना दिवसभर बंद असतो आणि गाड्या बोपदेव घाटाकडे वळवतात, हे धरून चाला. त्या वर्षीचे वाहतूक बदल आदल्या दिवशी वाचून ठेवा. बसमध्ये जागा मिळेपर्यंत तास-दोन तास जातात, तेवढा वेळ घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

बसची वाट बघताना बूट काढायचा मोह होईल. पिशवीत सैल चप्पल असेल तरच काढा, कारण फुगलेल्या पायावर तो बूट उद्या सकाळपर्यंत चढत नाही.